कात्रीच्या पात्यावर चालणारी गाडी

नोआ आणि दानिएल, सामूआजोबांच्या मागे त्यांचं घर आवरताना दाराजवळच्या खिळ्यावर एक जुनी किल्ली सापडली आणि ती टाकून देऊ का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. टाकू नका. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या. ती घाईत वाक्यं गाळते, तेव्हा बोट ठेवून वाचायला सांगा.

त्या किल्लीसाठी आधी काशिनाथ समजून घ्यावा लागेल. तो पेणला माझ्या मागच्या घरात राहतो आणि शिवणाच्या कात्रीच्या एका पात्याने मोटारगाडी सुरू करतो. म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत करत असे.

काशिनाथ मिठागरवाल्यांच्या घरातला. तुमचे सामूआजोबा, म्हणजे माझा भाऊ, आणि तो शाळेपासूनचे मित्र. पुढे तो नागोठण्याच्या एका कंपनीत सुरक्षा विभागात लागला आणि तिथून निवृत्त झाला. तेव्हापासून सगळं गाव त्याचा कारखाना झालं आहे. माझ्या गॅसची नळी तो न विचारता वाकून बघतो. मी स्टुलावर चढले की कुंपणापलीकडून ओरडतो, "खाली उतर गो बाय! आदी शेप्टी, मंग च्या!" शेप्टी म्हणजे सेफ्टी. हे त्याचं ब्रीदवाक्य. चहा मात्र तो आधीच पिऊन घेतो, आणि माझ्याकडेच.

सामू तुमच्या देशात गेला तेव्हा त्याने आपली गाडी काशिनाथला दिली. एके काळी तिचा रंग सायीसारखा होता. आता तो कसा आहे हे सांगायला मला चांगला शब्द सापडत नाही. गाडीच्या किल्लीला काशिनाथने घराच्या, कपाटाच्या, मिठागरावरच्या खोपीच्या आणि कोणालाच ठाऊक नसलेल्या कुलपांच्या किल्ल्या अडकवल्या. तो जुडगा वर्षानुवर्षं लोंबकळून हिंदकळला आणि स्टेअरिंगखालचं कुलूप आतून झिजलं. किल्ली फिरेना. दुसऱ्या माणसाने कुलूप बदललं असतं. काशिनाथने पातं खुपसलं. पातं फिरलं.

"कुलूप बदल," मी म्हणाले.

"कशाला? चालू व्हते नाय?"

"उद्या चमच्याने सुरू करशील."

"चमचा जाड पडतो," तो गंभीरपणे म्हणाला. म्हणजे चमचा लावून झाला होता.

महिन्यातून एकदा मला रोह्याला नणंदेकडे जायचं असतं, आणि तो मला नेतो. निघताना माझा पट्टा दोनदा ओढून बघतो, आरशात बघतो, हॉर्न वाजवतो आणि मग खिशातून कात्रीचं पातं काढतो. या माणसाला कंपनीने निरोपाच्या वेळी शाल दिली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर नागोठणं सोडून आम्ही निडीच्या जवळ आलो होतो. रस्त्यात एक मोठा खड्डा लागला. पातं निसटून माझ्या पायाशी पडलं. इंजिन बंद झालं आणि पुढच्याच वळणावर स्टेअरिंग जागच्या जागी अडकलं. किल्ली काढून घेतल्यावर चोराला गाडी वळवता येऊ नये म्हणून ती सोय असते. इथे चोर नव्हता, आम्ही होतो. गाडी रस्ता सोडून सरळ शेताच्या बांधावर चढली आणि पेंढ्याच्या उडवीत नाक खुपसून थांबली.

मग काशिनाथ म्हणाला, "पट्टा लावला व्हतास ना गो बाय? बग, म्हनून सांगतो."

मी त्याला काय म्हणाले ते तुमची आई वाचून दाखवणार नाही. शेवटी इतकंच सांगितलं, की कुलूप बदलेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही.

पुढच्या महिन्यात मी एसटीने रोह्याला निघाले. वडखळला सहज मागे पाहिलं, तर ती बिनरंगाची गाडी एसटीच्या मागे. नागोठण्याला मागे. रोह्याच्या स्टँडवर मी उतरले, तर हा समोर उभा.

"इथे काय करतोस?"

"एसटीची काय शेप्टी नाय. वाटंत बंद पडली असती तर?"

"आणि तुझी बंद पडली असती तर?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "कुलूप बदललं म्हंजे सामूच्या किल्लीचं काय?"

तेव्हा मला ठाऊक नसलेली गोष्ट बाहेर आली. जाताना सामूने दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली होती. काशिनाथनेच ती त्याच्या खिशात कोंबली होती. आलास की कोणाची वाट बघायची नाही, कोणाला विचारायचं नाही, गाडीत बसायचं आणि निघायचं, असं ठरलं होतं.

"अरे, तुझ्याच किल्लीने ती सुरू होत नाही, त्याच्या कशी होईल?"

"माजी घासली. त्याची कुटं घासली? त्यानं वापरलीच नाय."

सामूचे गुडघे, त्याचं वय, विमानाचा प्रवास, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, चल, चहा घेऊ.

चार दिवसांनी काशिनाथने माझ्या अंगणात काम काढलं. त्याचं अंगण उताराचं आहे, म्हणून माझं. गाडीभोवती माझ्या कुंड्या मांडल्या, चाकांना दगड लावले, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं. आधी बॅटरीची वायर सोडवली, मग जुनं कुलूप काढलं. नवं बसवून वायर जोडली आणि गाडी जागेवरच सुरू केली. चालू गाडीतून किल्ली ओढून पाहिली, ती निघत नाही याची खात्री केली. बंद करून स्टेअरिंग अडकतं का आणि पुन्हा सुटतं का, तेही पाहिलं. मगच ती फाटकाबाहेर नेली. एवढं सगळं येत असून हा माणूस कात्री घेऊन फिरत होता.

खोक्यात दारांचीही नवी कुलपं होती, सगळ्यांना एकच किल्ली चालावी म्हणून. ती त्याने तशीच ठेवून दिली. मला अर्धवट कामाचा तिटकारा आहे. एका गाडीला दोन किल्ल्या कशाला, असं मी विचारलं.

"दार त्याच्या किल्लीनं उगडल," काशिनाथ हेल्मेट काढत म्हणाला. "आत बसल. मंग चालू करायला मी हाय नाय?"

काशिनाथ घरी गेल्यावर मी त्याची जुनी, घासलेली किल्ली दाराला लावून पाहिली. म्हणून खात्रीने लिहिते. खिळ्यावरच्या त्या किल्लीने गाडी आता सुरू होणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतं.