कोकणातल्या नद्या, बाजू पहिली

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मुलांची उजळणी करून घेण्यात माझा हात धरणारं अख्ख्या भांडुपमध्ये कुणी नव्हतं! चौतीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला. कुणाला ‘घोका’ म्हटलं नाही आणि पट्टी वापरली ती फक्त फळ्यावर रेघ मारायला. माझं तंत्र साधं. आज सांगायचं, उद्या मुलाकडून ऐकायचं, चार दिवसांनी पुन्हा ऐकायचं, आठवड्याने पुन्हा. विसरायला सवडच द्यायची नाही!

निवृत्त झाले, वर्ग गेला, पण सवय जाईना. सकाळी अकराला शाळेची घंटा ऐकू आली की माझे पाय आपोआप चपला शोधायचे. मग शेजारची अनुपमा मला सापडली आणि माझी शाळा पुन्हा भरली. पटसंख्या एक!

अनू चौथीत होती. तिची आई प्रेमा मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. वडील सीताराम पूर्वी गिरणीत. गिरणी बंद पडली ती पडलीच, म्हणून चौऱ्याऐंशी साली तो फिटरचं काम धरून मस्कतला गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. पत्र लिहायचं म्हटलं की सीतारामला घाम फुटायचा, म्हणून तो कॅसेट पाठवायचा. रजेवर मुंबईला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दोन कॅसेटी द्यायच्या: एक बोलून भरलेली, एक उत्तरासाठी कोरी. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वनही त्यानेच पाठवला होता. प्रेमाने त्याला लेस लावलेला झगा शिवला होता. घरातल्या कुठल्याच माणसाला इतकं नटवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागच्या उत्तरात अनूने यंत्राला तोंड चिकटवून विचारलं होतं, “बाबा, मे महिन्यात येणार ना? हो की नाही, तेवढंच सांगा.”

आता त्या ‘हो की नाही’ची वाट बघणं चाललं होतं. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि अनूचं लक्ष पुस्तकात सोडून सगळीकडे होतं. भूगोलाच्या पुस्तकात तर तिने मस्कत शोधून पाहिलं होतं. नाही म्हटल्यावर पुस्तक मिटलं ते मिटलंच.

तेव्हा माझ्या डोक्यात ती झकास कल्पना आली. भूगोल टेप करायचा! माझा आवाज. आधी प्रश्न, मग दहा सेकंद गप्प, तेवढ्यात अनूने उत्तर द्यायचं, मग माझं बरोबर उत्तर. मी घरी नसले तरी वर्ग चालू!

प्रेमा म्हणाली, “बाई, कोरी कॅसेट आली की घ्या ना. उत्तराला एक बाजू पुष्कळ झाली.”

मार्चच्या मधल्या एका दुपारी काशीराम आला. हा सीतारामचा सोबती, महिनाभराच्या रजेवर आलेला. प्रेमा कामावर, अनू शाळेत, त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे. काशीराम दारातच दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

“बाई, डाव्या हातातली भरलेली, उजव्यातली कोरी. नीट ठेवा हां, दोन्ही सेम टू सेम आहेत.”

“अहो, चौतीस वर्षं मुलांना दिशा शिकवल्यात मी!” असं म्हणून मी दोन्ही हातांनी दोन्ही कॅसेटी घेतल्या आणि टिपॉयवर तशाच शेजारी शेजारी मांडल्या. डावी भरलेली, उजवी कोरी.

समोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या हाताला येतो. हे मी चौथीच्या पोरांना समोर उभं करून शिकवलेलं आहे!

काशीराम गेला. मी पदर खोचला, शेजारून टू-इन-वन आणला, उजवीकडची कॅसेट घातली, लाल बटण दाबलं आणि सुरुवात केली. तो सव्वीस मिनिटांचा पाठ म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम पाठ. मध्ये कुकरच्या तीन शिट्या झाल्या, भंगारवाला ओरडत गेला, वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटा-वरवंटा सुरू केला. मी डगमगले नाही! जमीन, पिकं, खनिजं आणि शेवटी कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकेक नदी अशी की जणू मीच तिला हात धरून समुद्राला पोचवतेय. “…आणि सर्वांत दक्षिणेला तेरेखोल!” म्हणून मी बटण बंद केलं.

कसं झालंय ते ऐकावं म्हणून शेवटचा भाग लावला.

“…सर्वांत दक्षिणेला तेरेखोल!” मी म्हणाले.

“…म्हणून सांगतो, ओल्या हाताने पंख्याचं बटण दाबू नको,” सीताराम म्हणाला.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. कॅसेट काढली, उलटी केली, सुलटी केली, झटकलीसुद्धा! झटकल्याने माझा आवाज गळून पडेल आणि खाली त्याचा राहिलेला असेल, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. ते ‘हो की नाही’ ऐकायला पोर दिवस मोजत होती आणि मी त्यावर ज्वारी-बाजरी पेरून ठेवली होती. मस्कतला फोन करावा तर आमच्या बिल्डिंगमध्ये फोन नव्हता, आणि सीतारामकडे कुठला नंबर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाट लागली म्हणतात ती हीच!

घाबरलेलं माणूस काय करील सांगता येत नाही. मी सरळ तळमजल्यावर धोंडिरामकडे गेले. तो सीतारामच्या गावचा. त्याची रात्रपाळी होती म्हणून दुपारी घरी होता. बोलणं तंतोतंत सीतारामच्या वळणाचं. फक्त एक अडचण होती. धोंडिराम गावच्या दशावतारात राक्षसाचं काम करायचा.

“धोंडिराम, सीतारामसारखं थोडं बोलायचंय. मी लिहून देते.”

“बाई, ह्या बरा न्हय,” तो म्हणाला.

“मला माहीत आहे.”

“मगे माका कित्याक सांगतास?”

“कारण पोरीची परीक्षा आहे!”

या उत्तरापुढे भांडुपमध्ये कुणाचं काही चालत नाही. मी लिहायला बसले. येणार म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं. म्हणून लिहिलं, ‘सुटीचं साहेब बघतायत.’ मग कागद बराच कोरा राहिला, आणि कोरा कागद मला बघवत नाही. दोन ओळी जास्त लिहिल्या. मग आणखी दोन.

धोंडिरामने घसा खाकरला आणि उरलेल्या कॅसेटवर बोलायला लागला. खिडकीवरचं कबुतर उडालं!

संध्याकाळी सात वाजता आम्ही तिघी त्या झगेवाल्या यंत्रासमोर बसलो. प्रेमाने तोंड धुऊन साडी बदलली होती. नवऱ्याचा आवाज यायचा असला की ती साडी बदलायची.

“कन्ये अनुपमे!” यंत्र गरजलं. “मी इथे मस्कत नगरीत कुशल आहे! सुटीचं साहेब बघतायत! बाळ, बाष्पीभवन म्हणजे काय, हे तुला सांगता येईल काय?”

मध्ये दहा सेकंद शांतता. मी कागदावर ‘दहा सेकंद थांबणे’ असं लिहिलं होतं आणि धोंडिराम प्रामाणिक माणूस.

अनूने माझ्याकडे पाहिलं. “बाई, हे धोंडिरामकाका आहेत.”

“असं कसं…”

“आणि प्रश्न तुमचे आहेत. बाबा मला बायो म्हणतात. आणि बाबांना बाष्पीभवन येत नाही.”

मी सगळं सांगितलं. डावा हात, उजवा हात, लाल बटण, काही लपवलं नाही. प्रेमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एवढंच म्हणाली, “काही उरलंय का, बाई?”

मी ती कॅसेट लावली. चार मिनिटं उरली होती.

“…म्हणून सांगतो, ओल्या हाताने पंख्याचं बटण दाबू नको. शॉक देतो तो. आणि आईला तेल पाठव गावाला, गुडघ्याचं. बायो, रस्ता बघून ओलांड हां. बाई सांगतील तसं कर. इथे काशीराम घाई करतोय. आता आणखी काय… ठेवतो मी. ठेवतो हां.”

पण त्याने ठेवलं नाही. पुढे मिनिटभर नुसती खरखर, लांब कुठेतरी भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी खोकला. मी बंद करायला हात पुढे केला.

“थांबा ना,” अनू म्हणाली. “बाबा अजून आहेत.”

खट् आवाज झाला तेव्हा तिने मान वर केली. “येणार की नाही ते पुसलं गेलेल्यात होतं?”

“असणार गं.”

“म्हणजे हो पण असेल.”

“असेल.”

“मग परीक्षा होईपर्यंत हो धरूया,” ती म्हणाली आणि वही काढून बसली.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला! अनू शाळेतून आली की हातपाय धुऊन कॅसेट लावायची. रोज. कधी कधी दोनदा. भिंतीपलीकडून माझाच आवाज मला ऐकू यायचा आणि मागोमाग तिची उत्तरं, एक दिवस अडखळत, पुढच्या दिवशी सरळ. मी जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले, “बघा, मुलांना ओढ लागली पाहिजे! शिकवणाऱ्याच्या आवाजात ते असावं लागतं!”

आठवड्याने चकल्या द्यायला म्हणून गेले तर दार अर्धवट उघडं होतं. अनू यंत्रासमोर मांडी घालून बसलेली. मी टेपमधून पिकं सांगत होते, ही ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर म्हणत होती, पण डोळे कॅसेटच्या खिडकीवर. डावीकडचं रीळ बारीक होत चाललं होतं, तिकडे. नद्या सुरू झाल्या तशी ती सावरून बसली. एकेका नदीला पुढे सरकत गेली. ‘तेरेखोल’ आली आणि तिने यंत्राला कान लावला.

“फॉरवर्ड करून का नाही ऐकत गं थेट?” मी दारातून विचारलं.

ती दचकली. “काशीरामकाका म्हणाले, सारखं फॉरवर्ड केलं की टेप ताणते. मग बाबांचा आवाज बिघडेल.” मग तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, “तुम्ही काही फार वेळ नाही बोलत, बाई. सव्वीसच मिनिटं.”

चौतीस वर्षं माझ्या वर्गात मुलं डोळे मोठे करून ऐकायची. ती कशासाठी थांबलेली असायची, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. चकल्यांचा डबा तिच्याजवळ ठेवून मी परत आले.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. काशीरामची रजा संपली. प्रेमाने तीच कॅसेट त्याच्या हाती दिली, दुसऱ्या बाजूवर आमचं तिघींचं उत्तर आणि माझी माफी भरून. पहिल्या बाजूवर सीतारामने त्याचं बोलणं पुन्हा भरून पाठवावं, असं ठरलं. शेवटची चार मिनिटं द्यायला अनू तयार नव्हती. ती कुणाला पुसू देणार नाही, अशी काशीरामने तीनदा शपथ घेतली तेव्हा तिने कॅसेट सोडली.

निकाल लागला. भूगोलात पन्नासपैकी सत्तेचाळीस! आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मस्कतहून चक्क पत्र आलं. एवढं लांब पत्र सीतारामने जन्मात लिहिलं नव्हतं. अनूने मोठ्याने वाचलं.

“सौ. प्रेमास आणि बायोस, बाईंना नमस्कार. रजा मिळाली नाही. हेच मी कॅसेटमध्ये सांगत होतो. चार वेळा पुसून पाचव्यांदा बोललो होतो. पाचव्यांदा बाईंनी पुसलं ते बरं झालं. दिवाळीचं बघतो.”

अनू थांबली. तिने तेवढीच ओळ मनात पुन्हा वाचली असावी. प्रेमा उठून ओट्याशी गेली आणि पाणी न पिता परत आली.

“परीक्षेच्या आधी नाही कळलं ते बरं,” अनू म्हणाली. मग ती पुढे वाचू लागली.

“कॅसेट परत पाठवत नाही, रागावू नका. खोलीत आम्ही आठ जण, सगळे कोकणातले. शुक्रवारी जेवण झालं की बाईंचा धडा लावतो. कुकरची शिटी झाली की सगळे हसतात. भंगारवाला आला की तो कुणाच्या गल्लीतला यावरून भांडतात. बाई प्रश्न विचारून थांबल्या की आठही जण ओरडून उत्तर देतात, आणि चुकतात. नद्यांच्या वेळी मात्र कुणी ओरडत नाही. ज्याची नदी आली तो हात वर करतो. वाशिष्ठीला दोन हात. गडनदीला माझा. फक्त लांज्याकडच्या दाजींचा हात तीन शुक्रवार खालीच राहिला. ते काही बोलत नाहीत, पण काल जेवले नाहीत. बाईंना विचारा, काजळीच्या नंतर आणि वाघोटणच्या आधी मुचकुंदी असते, ती का घेतली नाही?”

मी घरी पळाले. कपाटावरून नकाशा काढला, जमिनीवर पसरला, भिंग घेतलं. आहे हो! काजळीच्या खाली, वाघोटणच्या वर, बारीकशी निळी रेघ, पूर्णगडपाशी समुद्राला मिळणारी. चौतीस वर्षांत चौतीस वर्गांना मी एक अख्खी नदी शिकवली नव्हती!

अनू मागोमाग आली होती. तिने वाकून नकाशात बोट ठेवलं.

“म्हणजे माझा एक मार्क हिच्यातच गेला, बाई!”

तेवढ्यात प्रेमा टू-इन-वन घेऊन आली, झग्यासकट. धोंडिरामवाली कॅसेट आत होतीच. काशीरामचा भाऊ पुढच्या आठवड्यात मस्कतला निघणार होता. अनूने कॅसेट पुढे सरकवून राक्षस संपतो ती जागा शोधली, यंत्र माझ्यासमोर ठेवलं आणि लाल बटणावर बोट धरलं. मी पदर खोचला, घसा साफ केला, ताठ बसले.

“बाई,” ती म्हणाली, “दाजींसाठी फक्त ‘मुचकुंदी’ म्हणा हां. बाकी काही शिकवू नका.”