कप्तानाची आई कंपनीची

एका जंगलात शनिवारी संध्याकाळी कुणी कुणाची शिकार करत नसे. तुम्हाला वाटेल, उपास असेल. तसं काही नाही बरं का, मुलांनो. शनिवारी वडाखालच्या पडद्यावर 'गगनरथ' ही मालिका लागायची. वाघसुद्धा मागच्या रांगेत बसून पुढच्या सशाला नुसतं कान खाली घ्यायला सांगायचा.

गगनरथात कप्तान काळवीट होता. तो चांदण्यांमधून हिंडायचा, संकटात सापडायचा आणि अर्ध्या तासात सुटायचा.

पण एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत पिल्लांनी करायचं काय? म्हणून गगनरथ कंपनीनं कप्तानाची पुस्तकं काढली. मालिकेत घडल्या नाहीत, पण घडू शकल्या असत्या, अशा गोष्टींची. ती लिहायचे नारोपंत साळिंदर. त्यांना लेखणीची ददात नव्हती. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं.

पुस्तकाच्या कव्हरवर कप्तानाची शिंगं एवढी मोठी असायची की नारोपंतांचं नाव खाली मुंगीच्या मापाचं यायचं. मुंग्या मात्र ते आवडीनं वाचायच्या.

कंपनीची एक नियमांची वही होती. कप्तानाचं शिंग मोडायचं नाही. कप्तानानं लग्न करायचं नाही. कुणी कायमचं मरायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, शेवटच्या पानावर सगळं पहिल्या पानासारखं झालं पाहिजे. कारण शनिवारी मालिका जिथल्या तिथून पुढे चालायची.

नारोपंत नियमाचे पक्के. चौदाव्या पुस्तकात त्यांनी एक अख्खा ग्रह समुद्रात बुडवला. शेवटच्या पानावर तो वर काढला, पुसून कोरडा केला आणि होता तिथे ठेवून दिला.

सत्ताविसाव्या पुस्तकाच्या वेळी नारोपंतांची आई गेली. पुस्तक द्यायला दहा दिवस उरले होते. कप्तान एका बर्फाच्या ग्रहावर विझलेल्या रथात बसला होता आणि उठायला त्याच्याकडे काही कारणच नव्हतं. तेव्हा नारोपंतांनी त्याला एक आई दिली.

ती निखाऱ्यात रताळी भाजायची. आतला गर मुलाला द्यायची आणि जळकी साल स्वतः खायची. म्हणायची, "मला सालच आवडते. तू अजून एक घे, वाटेत कुणी विचारणार नाही." एवढं आठवलं आणि कप्तान उठला.

शेवटच्या पानावर नियमाप्रमाणे कप्तान आईला विसरला. पिल्लं विसरली नाहीत. त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली. मग कंपनीनं आई मालिकेतच घेतली. एका जाड नीलगाईनं ते काम केलं. घरोघरी आईच्या चित्राच्या पाण्याच्या बाटल्या आल्या.

नारोपंत संपादक झाले. नियमांची वही त्यांच्या ताब्यात आली, सोबत लाल शाईची दौत. पहिला नवा नियम त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिला. आई कंपनीची आहे. तिची रताळी, तिचं बोलणं आणि तिनं खाल्लेली साल, सगळं कंपनीचं. परवानगीशिवाय कुणी वापरू नये.

लिहून झाल्यावर त्यांनी तो नियम दोनदा वाचला. छान उतरला होता.

अशी बरीच वर्षं गेली. नारोपंतांची एकशे बारा पुस्तकं लिहून झाली. आणि एक दिवस शेजारच्या टिटवीबाईंच्या लक्षात आलं की नारोपंतांच्या मेजावर तीन महिने कप्तानाच्या शिंगांचं एकही चित्र नाही. टिटवीबाईंचं सगळ्यांच्या बिळांकडे लक्ष असायचं. शेजार म्हटला की असायचंच. त्यांनी सरळ विचारलं. नारोपंत लाजत म्हणाले, स्वतःचं पुस्तक लिहितोय. आईवर. कव्हरवर माझं नाव असेल, हे एवढं मोठं.

टिटवीबाईंनी त्या माउलीच्या हातची रताळी खाल्ली होती.

त्या म्हणाल्या, "नारोभाऊ, साल खरंच आवडायची का रे तिला?"

"ते शोधायलाच लिहितोय, ताई."

पुस्तक झालं. जंगलात छापखाना एकच, कंपनीचा. तिथे तरसेसाहेब बसत. ते जातीचे तरस, त्यामुळे सदा हसायचे. पण पहिल्याच पानावर रताळं दिसलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"पंत, ही तर आमची आई."

"साहेब, माझी आई."

"असेल ना. पण लोकांना ती आमची म्हणून माहीत आहे."

तरीही साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी वाट दाखवली. पुस्तक संपादकाकडे जाऊ दे, त्यानं परवानगी दिली की लगेच छापू. संपादक कोण, असं नारोपंतांनी विचारलं. साहेब पुन्हा हसू लागले. म्हणाले, तुम्हीच की.

नारोपंत उड्या मारायचे तेवढे बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाड शिक्का मारून त्यांच्याच मेजावर आलं. नुसती सही करायची होती. पण चाळीस वर्षांचा हात तो. चष्मा चढला, काटा लाल शाईत बुडाला.

पहिल्या पानावरची रताळी कंपनीची. खोडली. नवव्या पानावरची साल कंपनीची. खोडली, आणि बाजूला शेरा मारला, मालिकेतून उचललेलं वाटतं. दुपारपर्यंत आईचं बोलणंही गेलं. उरली एक म्हातारी साळिंदर, नुसती बसलेली. तिच्यापुढे त्यांनी लिहिलं, पात्र अजून खुलवावं.

संध्याकाळी शेवटचं पान आलं. त्या पानावर आई जात होती.

काटा थांबला. कुणी कायमचं मरायचं नाही. शेवटच्या पानावर सगळं पहिल्या पानासारखं. नियम म्हणजे नियम.

नारोपंतांनी मरण खोडलं. एकशे बारा वेळा लिहिलं होतं, तसंच खाली लिहिलं. आई चुलीपाशी बसली होती. तिनं राख फुंकली. रताळं सोललं, गर मुलापुढे केला. मुलानं गर घेतला नाही. त्यानं तिच्या हातातली साल घेतली आणि खाल्ली. कडू होती.

रताळं कंपनीचं होतं. संपादकानं ते तसंच राहू दिलं आणि खाली सही केली.

तरसेसाहेबांना ते पान फार आवडलं. त्यांनी फक्त 'मुलगा' काढून 'कप्तान' घातलं आणि गगनरथाचं एकशे तेरावं पुस्तक छापलं. कव्हरवर शिंगं. खाली मुंगीच्या मापाचं नाव.

टिटवीबाईंनी पुस्तक डोळ्यांशी धरून शेवटपर्यंत वाचलं. मग कुंपणापाशी आल्या.

"म्हणजे कडूच होती," त्या म्हणाल्या.

"हो," नारोपंत म्हणाले.

तात्पर्य: मुलांनो, नियम काटेकोर पाळावेत. गेलेली आई परत आणायचा नियम सबंध जंगलात एकाच वहीत आहे, आणि ती वही कंपनीची आहे.