मावशी एक दिवसाच्या पाहुण्या

"माणसं कामात रमवणं? अहो, हातचा मळ आहे माझ्या!" मॅनेजरसाहेबांनी फोनवर मालकांना छातीठोकपणे सांगितलं. न सांगून करतात काय? हॉटेलातली निम्मी माणसं समोरच्या नव्या हॉटेलाने पळवली होती. आणखी एक जरी गेलं तर पाठोपाठ तुम्हीही निघा, असं मालकांनी बजावलं होतं. आणि आता खोल्या आवरणाऱ्या मावशी जायच्या बेतात होत्या!

साहेबांनी शक्कल लढवली. मावशींनी एक दिवस पाहुणी म्हणून राहायचं, त्यांचं काम साहेबांनी करायचं. एवढा मान मिळाल्यावर जातील कशाला?

मावशी पलंगावर टेकतात न टेकतात तोच त्यांचा फोन. "साहेब, चहा गार आहे हो!"

चहा पोचवून साहेब धापा टाकत शेजारच्या खोलीत शिरले. तिथले आजोबा फिरायला गेले होते. साहेबांनी चादर, अभ्रे, सगळं एका झटक्यात गोळा केलं आणि धुलाईच्या मशीनमध्ये कोंबलं.

थोड्या वेळाने आजोबा तोंडावर हात धरून काउंटरवर आले. हात काढला तर आत एकही दात नाही!

"कवळी! उशीखाली ठेवली होती!"

ही तक्रार मालकांपर्यंत गेली की संपलंच! साहेब मशीनकडे धावले. आतून खडखड येत होती, पण धुणं संपल्याशिवाय दार उघडेना. मग काय, आचारी कढई उतरवून आला, काउंटरवरची मुलगी आली, मावशी हातात कप घेऊन आल्या. आजोबांना पुढे खुर्ची दिली. सगळे मशीनच्या काचेला डोळे लावून उभे!

"आली, आली! गेली!"

"ती बघा, अभ्र्यात शिरली!"

शेवटी कवळी निघाली, चकचकीत! आजोबांनी ती बसवून पाहिली. "वास बरा आहे," ते म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

संध्याकाळी मावशी साहेबांकडे आल्या. "समोरच्यांना नाही म्हणून कळवलंय मी. इथेच राहते."

साहेबांची छाती फुगली. "योजना आवडली ना?"

"योजना कसली, साहेब! तिथले मॅनेजर फार हुशार आहेत म्हणे. दिवसभर करमायचं कसं?"