दिसतंय

मंगळवारी सकाळी सव्वासातला उचगावातल्या तात्यासोंची म्हैस दावं तोडून गेली. शेजारी केरबा दात घासत उभा होता. ब्रश तोंडातच ठेवून तो म्हणाला, "ओढ्याला गेली दिसतंय." म्हैस ओढ्यातच सापडली.

यात नवल काही नव्हतं. कोल्हापूरकडे माणूस अंदाज बांधतो आणि शेपटीला 'दिसतंय' जोडतो. त्याला प्रत्यक्षात काही दिसत नसतं. पण चारच दिवसांपूर्वी अख्खी गल्ली टेम्पो करून केरबाचा सिनेमा बघून आली होती.

सिनेमा विनोदी होता. डोळे मिटले की शत्रूची छावणी दिसते, असं समजणाऱ्या एका पलटणीची गोष्ट. पन्हाळ्यावर शूटिंग झालं तेव्हा खरे निवृत्त फौजी हवे होते, म्हणून हवालदार केरबाला मागच्या रांगेत बसवलं. तीन दिवस तो डोळे मिटून बसला आणि पडद्यावर आठ सेकंद आला. सुभेदार झालेला नट त्याच्याकडे बोट करून म्हणतो, "ह्याला सगळं दिसतं," आणि केरबाची मान शेजारच्याच्या खांद्यावर कलंडते. तो खरोखरच झोपला होता. थिएटर खो खो हसलं. गल्लीतल्या बायडाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना मान दिसली नाही, फक्त वाक्य ऐकू आलं.

म्हशीची बातमी तात्यासोंनी डेअरीवर पोचवली. दुपारी गल्लीतल्या झुंबरबाई कानातलं हरवलं म्हणून केरबाकडे आल्या. पिठाच्या डब्यात पडलं दिसतंय, असं केरबा बोलून गेला आणि ते पिठातच निघालं. मग तो ज्याला त्याला सांगत सुटला, की ही आपली बोलायची पद्धत आहे. खरा जाणता कधी कबूल करत नाही, असं तात्यासोंनी जाहीर केलं.

बुधवारी भिंत चाचपत बायडाबाई आल्या. त्यांचा मुलगा उदयसिंह सैन्यभरतीत तिसऱ्यांदा नापास झाला, छाती अर्धा सेंटीमीटर कमी भरली म्हणून. त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन जो गेला, त्याला चार वर्षं झाली. भरतीसाठी त्याला रोज सकाळी केरबानंच पळवलं होतं.

"केरबा, उदय बरा हाय काय रं?"

दुसरं काय म्हणणार? "बरा हाय दिसतंय, काकू."

"आन् येणार काय?"

"येतोय की," केरबा म्हणाला आणि जिभेनं घात केला. "येतोय दिसतंय."

गुरुवारी बायडाबाईंची लेक स्वप्नाली शाहूवाडीहून आली ती थेट केरबाच्या दारात. सोमवारी आईचं ऑपरेशन ठरलेलं. मोतीबिंदू पिकलाय, आणखी लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आई म्हणते, उदय येणार हाय, मी दाराला कुलूप लावून कुठं जात न्हाय.

"तुमच्या सिनेमापायी माझ्या आईचं डोळं जातील, दादा. आता तुमीच निस्तरा."

केरबा गेला. साहेबापुढं उभं राहावं तसा उभा राहिला. बायडाबाई बोटांनी चाचपून तांदळातले खडे काढत होत्या.

"काकू, मला काय दिसत न्हाय. म्हशीचंबी न्हाय आन् उदयचंबी न्हाय."

"मलाबी दिसत न्हाय की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला इचारलं."

केरबा त्यांच्यासमोर खाली बसला. म्हणाला, "तुमी जावा. कुलूप लावू नका. दारात मी बसतो."

सोमवारी साडेआठला मायलेकी गेल्या. नऊला केरबानं उंबऱ्यापाशी खुर्ची टाकली. दुपारपर्यंत वीजमीटर बघणारा आला, दोनदा कुत्रं आलं. चारला स्वप्नालीचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, पट्टी उद्या निघणार होती. मग फोन बायडाबाईंनी घेतला.

"कोण आलं काय रं?"

"न्हाय आलं..." पुढचा शब्द ओठांपर्यंत आला होता. केरबानं तो गिळला.

"साडेपाचची गाडी हाय की अजून," त्या म्हणाल्या.

साडेपाचची बस पाच मिनिटं उशिरा समोरच्या फाट्यावर थांबली. केरबा खुर्चीतून उठला आणि त्यानं डोळ्यांवर हात आडवा धरला. बसमधून चौघं उतरले. तिघांना त्यानं लांबूनच ओळखलं.