गाडीच्या नाकातला आशीर्वाद

कासिल्दाच्या आजीची वर्षश्राद्धाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, घरच्यांनी काळे कपडे उतरवले आणि लगोलग कासिल्दाचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तिच्या बापाची, इलारियोन तार्कीची, निळी गाडी तेव्हा कासिल्दाहूनही वयाने मोठी होती.

घर ला पाझ शहराच्या तळाशी, चर्च वर एल आल्तो शहराच्या कडेला, आणि मधे सगळा चढ. व्याही वाल्तेर किस्बेर बोलणी करायला आले ते कोऱ्या मिनीबसमधून. निघताना निळ्या गाडीकडे बघत म्हणाले, "पोरीला आमच्या मिनीबसमधूनच आणू या की. तुमची गाडी अर्ध्यात बसली तर पाद्रीबाबांना खाली बोलवायचं का?"

"माझी पोर माझ्याच गाडीतून जाणार," इलारियोन म्हणाला. "नाही गेली, तर तुमच्या मिनीबसच्या टपावर बसून येईन मी. सगळ्यांसमोर."

बोलून तर बसला, पण रात्री सूप ताटलीत गार झालं. गाडी त्या चढाला नेहमीच जरा कुरकुरायची, पण चढायची. तरी धोका नको म्हणून त्याने तिला तळ्याकाठी, कोपाकाबानाच्या माउलीच्या, मेरीमातेच्या दारात न्यायचं ठरवलं; तिथं पाद्री गाड्यांनाही आशीर्वाद देतात. सोबत सेनोबियो. हा गाडीचा धर्मपिता. गाडी घेतली तेव्हा पहिल्या आशीर्वादाला तोच उभा होता, म्हणून इलारियोन त्याला कोंपाद्रे म्हणायचा. सेनोबियो बँडमध्ये तुबा, तो भलामोठा पितळी कर्णा, वाजवायचा. जे काही बळ असतं ते नळीतून आत जातं, यावर त्याचा ठाम विश्वास होता.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. बॉनेटवर फुलं चढली, चिमुकली टोपी चढली. मग सेनोबियोने बॉनेट उघडलं.

"सगळे वरवर करतात कोंपाद्रे, म्हणून गुण येत नाही. ही नळी दिसते का? गाडी इथून श्वास घेते. हे तिचं नाक. इथून घातलं की थेट काळजात."

त्याने गाडीवर उधळायला आणलेल्या रंगीत कागदी टिकल्यांची अख्खी पिशवी त्या नळीत रिकामी केली आणि वरून बिअरचा घोट सोडला. गाडी शिंकली. सेनोबियोचे डोळे भरून आले. "बघ, घेतलं तिने!"

घरी येता येताच गाडीला उचक्या लागल्या. उभी केली की थरथरायची, चढाला पिकअप नाही, मागून काळा धूर. दुसऱ्या दिवशी मेहुणा आब्दोन पाना घेऊन आला. त्याने प्लग काढले. काजळीने काळेठिक्कर.

"प्लग गेलेत भावजी."

नवे प्लग घातले. गाडी जरा बरी चालली आणि पुन्हा थरथरायला लागली. आब्दोनने कार्बोरेटरचा स्क्रू पिळला, पेट्रोलवर संशय घेतला, टाकी रिकामी केली. इलारियोनची बायको बासिलिया दारातून बघत होती.

"उंची लागलीय तिला, इथल्या विरळ हवेची," ती म्हणाली.

"अगं, इथंच आयुष्य गेलं तिचं. तिला कशी लागेल?"

"म्हातारपणी लागते. माझ्या आईला नव्हती लागली?"

आणि कुणी अडवायच्या आत तिने उंची लागलेल्यांना पाजतात तो कोकाच्या पानांचा चहा रेडिएटरमध्ये ओतला.

"त्या नाकाच्या नळीचं झाकण तेवढं उघडून बघू का?" आब्दोनने विचारलं.

"हात लावू नकोस!" इलारियोन ओरडला. "तिथं माउलीचा आशीर्वाद आहे. तो सांडायचा का लग्नाच्या तोंडावर?"

गुण येत नाही म्हणजे आशीर्वाद कमी पडला, हे उघडच होतं. सेनोबियो दर शुक्रवारी यायचा, पिशवीभर टिकल्या आणि बिअर घेऊन. गाडी दर शनिवारी आदल्या शनिवारपेक्षा वाईट असायची.

लग्नाच्या सकाळी कासिल्दा पांढऱ्या पोशाखात मागे बसली. पुढे इलारियोन आणि सेनोबियो. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, आणि बटाट्याच्या गाड्यांजवळ निळी गाडी धापा टाकत थांबली. मागून वाल्तेरची मिनीबस आली. खिडकी खाली झाली.

"टपावर जागा ठेवलीय, व्याही!"

मिनीबस हसत पुढे गेली. इलारियोनचा चेहरा पांढरा पडला.

"घाबरू नकोस कोंपाद्रे," सेनोबियो म्हणाला. "कोपऱ्यावरच्या दुकानात बिअर मिळते. टिकल्याही मिळतील. चल!"

दोघं पळाले. कासिल्दा एकटी उरली. मागचा काळा धूर तिने मघाशी पाहिला होता. आईचा स्टोव्ह कोंदला की असाच धूर येतो, हे तिला पाठ होतं. तिने डोक्यावरची नवरीची लांब जाळी पदरासारखी कमरेला खोचली, बॉनेट उघडलं आणि त्या नाकाच्या झाकणाचा नट फिरवला. आत एअर फिल्टर नव्हताच जणू. रंगीत लगद्याचं एक जाड वेटोळं होतं, आणि त्याला दारूच्या गुत्त्याचा वास येत होता.

"पोरी, काय निघालं ते?" बटाटेवालीने विचारलं.

"आशीर्वाद," कासिल्दा म्हणाली. तिने ते वेटोळं बटाटेवालीच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं, झाकण लावलं, काळे झालेले पांढरे हातमोजे उलटे करून घातले आणि चावी फिरवली. गाडी अशी गुरगुरली, की दोन कुत्री उठून पळाली.

सेनोबियो बाटली घेऊन धावत आला आणि जागीच थबकला. "अजून ओतलीसुद्धा नाही कोंपाद्रे! नुसती बाटली दाखवली!" इलारियोनने त्याला रस्त्यातच मिठी मारली. बापाचे डोळे बघून कासिल्दाने तोंडाशी आलेलं गिळलं आणि मागे जाऊन बसली.

शेवटच्या वळणावर त्यांनी मिनीबसला मागे टाकलं. इलारियोनने पोरीला स्वतःच्या हाताने चर्चच्या पायरीवर उतरवलं. वाल्तेर मात्र मिस्सेत सारखे मागे वळून बघत होते. बाहेर पडताच त्यांनी सेनोबियोला बाजूला घेतलं.

"आमच्या मिनीबसलाही करा की तसंच. नाकातून."

"अगदी पोटभर करतो!" सेनोबियोने बाह्या सरसावल्या.

कासिल्दाने दारातून ते पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चल, केक कापू."

त्याच आठवड्यात मिनीबस थरथरायला लागली. मग नव्या सुनेने एका पहाटे अंगण झाडता झाडता काय केलं कुणास ठाऊक, मिनीबस कोरी असताना पळायची तशी पळू लागली. वाल्तेर सगळ्या बाजारात सांगत फिरले, "सुनेचा पायगुण!" घरातल्या मोठ्या जाऊबाईंना करावी लागायची तसली जड कामं तेव्हापासून कासिल्दाला कुणी सांगितली नाहीत.

खरं काय ते तिने बापाला सांगितलं, पण सेनोबियोच्या दफनाहून परतताना. सेनोबियो तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी, सान हुआनच्या सणाच्या कडाक्याच्या थंडीत, झोपेतच वारला.