निळी वायर

"टेबल फॅन? आधी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि मग द्या!" फ्यूजने निवडीच्या आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं.

नुसतं जाहीर करून थांबली असती तर ती फ्यूज कसली! नावच मुळी पटकन उडते म्हणून पडलेलं. पुड्या भरायच्या कारखान्यात ती मावशीबरोबर कामाला जायची. तिथल्या मुकादमालाही तिने सुनावलं, "उद्यापासून माझी वाट बघू नका! मी आता मेकॅनिक. तुमचा पंखा बिघडला तर या, रांगेत उभं राहा!"

मुकादम "बरं" म्हणाला आणि संध्याकाळच्या आत त्याने तिच्या जागी दुसरी मुलगी बसवली.

"अगं, नोकरी हातात येऊ दे, मग भांड की!" मावशीने कपाळाला हात लावला.

"आलीच समज!"

तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा. गरीब घरच्या मुलामुलींना मोफत उपकरण-दुरुस्ती शिकवणाऱ्या केंद्रात ती जात होती, आणि एका मोठ्या वर्कशॉपचे मालक उद्या तिथून एकाला निवडणार होते. प्रात्यक्षिक फ्यूजचं!

आता हे केंद्र शिकवायचं कसं, ते सांगायलाच हवं. शिकायला होता एकच टेबल फॅन. रोज सकाळी सर त्याची स्विचजवळची निळी वायर ढिली करत. पोरं दुपारपर्यंत ती शोधून घट्ट करत. टाळ्या! दुसऱ्या दिवशी सर ती पुन्हा ढिली करत. मिक्सर, इस्त्री, फ्रीज वगैरे मंडळी भिंतीवरच्या तक्त्यात सुखाने नांदत होती. उरलेला सगळा वेळ आत्मविश्वासाला. आरशासमोर उभं राहून ओरडायचं, "मी करू शकते!"

"काय करू शकते?" असं फ्यूजने एकदा विचारलं होतं.

"बघ," संचालिका बाई दुखावल्या, "हाच तो आत्मविश्वासाचा अभाव!"

प्रात्यक्षिकाच्या दिवशी हॉलमध्ये पाहुणे यायच्या आधी सरांनी ढापण्याला पिटाळलं. ढापण्या म्हणजे जाड चष्म्याचा, फ्यूजच्या बॅचचा.

"ऑफिसमधला पंखा मालकांजवळ ठेव, आपला शिकायचा मागच्या टेबलावर. लवकर!"

दोन्ही पंखे एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले, जुळ्या भावांसारखे. ऑफिसातला बिचारा वर्षभर वारा घालून धुळीने माखला होता. शिकायच्या पंख्याला मात्र पोरं रोज पुसत. दुसरं होतं काय करायला? तो नवरदेवासारखा चकाकत होता. ढापण्याने डोकं चालवलं. चकचकीत पंखा पाहुण्यांना, मळका आपल्याला!

बाईंचं भाषण सुरू झालं. सरांनी खूण केली आणि फ्यूज धुळीकडे न बघताच कामाला लागली. प्लग काढला, तळाचं झाकण उघडलं, निळी वायर धरली.

घट्ट!

हलवली. ओढली. दात लावायचे तेवढे बाकी राहिले. वायर ढिम्म!

"ढापण्या, दगा!" ती फुसफुसली. "सरांनी फॉल्ट बदलला!"

"काहीतरीच! त्यांना दुसरा येतो?"

फ्यूजच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज निळी वायर, निळी वायर आणि नेमकं आजच नवीन? पोटावर पाय देताय काय गरिबाच्या! तिने जाळी काढली, पाती काढली, मोटर बाहेर ओढली. पंख्याचं पार पोस्टमॉर्टेम झालं. प्रत्येक भाग जागच्या जागी आणि निर्लज्जासारखा ठणठणीत!

तिकडे मंचावर मालक घामाने निथळत होते. बाईंनी भाषण करता करता पंख्याची सगळी बटणं दाबून पाहिली.

"हा जरा सावकाश वेग घेतो," त्या हसून म्हणाल्या.

पंखा कसला वेग घेतोय! समाधी लावून बसला होता.

तेवढ्यात मागून फ्यूज कडाडली, "सर! ह्यात फॉल्टच नाही!"

सगळ्या माना मागे वळल्या. पण बाई कसलेल्या होत्या. "ऐकलंत?" त्या माइकमध्ये म्हणाल्या, "आमच्या केंद्रात तुम्हाला फॉल्ट सापडायचाच नाही!"

"मला सापडलाय," मालक मान पुसत म्हणाले. "हा पंखा मेलेला आहे."

फ्यूजने मंचाकडे पाहिलं. ती चकाकी! ती चकाकी तिच्याच ओढणीने आणलेली होती! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ढापण्याला नंतर बघून घेऊ म्हणत ती तरातरा मंचावर चढली.

"डोळ्यांवर पट्टी बांधा!"

"काय?"

"पट्टी! रुमाल द्या तुमचा!"

भांबावलेल्या मालकांनी रुमाल दिला. सरांनी तो बांधला. पंखे बदललेत, हे एव्हाना त्यांनाही उमगलं होतं. फ्यूजने प्लग काढायला लावला, झाकण उघडलं, वायर पिळली, झाकण लावलं. "लावा प्लग!"

पंखा असा सुटला की बाईंच्या भाषणाचे कागद खिडकीबाहेर गेले. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला, बहुतेक त्यासाठीच.

"न बघता!" मालक उभेच राहिले. "पोरी, सोमवारी कामावर ये! आणि... तो मागे सुटा पडलाय तो?"

"तो चांगला आहे," फ्यूज म्हणाली. एवढं खरं त्या दिवशी हॉलमध्ये दुसरं कुणीच बोललं नाही.

सोमवारी ती वर्कशॉपमध्ये शिरली. इकडे फ्रीज, तिकडे फ्रीज, छतापर्यंत फ्रीज!

"पंखे कुठायत?"

"पंखे?" मालक हसले. "आपल्याकडे फक्त फ्रीज. तुला काय अवघड? न बघता करतेस तू! तो कोपऱ्यातला घे."

फ्यूजला इतका राग आला की तिथूनच केंद्राच्या काचा फोडाव्यात! तक्त्यातला फ्रीज तर समोरून काढला होता. त्याला मागची बाजू असते, हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं! पण कारखान्यात दुसरी मुलगी बसली होती. "मी करू शकते," ती दातओठ खात पुटपुटली आणि तिने मागचा पत्रा उघडला.

आत निळी वायर होती! माहेरचं माणूस भेटावं तसं झालं तिला. तिने ती प्रेमाने चिमटीत धरली, ओढून पाहिली.

घट्ट. मेली अगदी घट्ट!

"काय झालंय गं त्याला?" मालकांनी विचारलं.

फ्रीजमधून गळणारं पाणी तिच्या चपलेपर्यंत आलं होतं. फ्यूज ताठ उभी राहिली आणि केंद्रात शिकवलेल्या संपूर्ण आत्मविश्वासाने म्हणाली, "मालक, ह्यात फॉल्टच नाही!"