किसनराव पाटलांची धोंडी

"औंदाच्या पोळ्याला तोरण मीच तोडणार, अन् तेबी ताठ उभं राहून!" किसनराव पाटलांनी भर चावडीत जाहीर केलं, पण जमिनीकडे बघत. इलाजच नव्हता! पाठ अशी वाकली होती की समोरचा माणूस त्यांना वहाणांवरून ओळखावा लागे.

निजामाच्या अमलातले ते दिवस. पोळ्याला बैल वेशीतून निघण्याआधी आंब्याच्या पानांचं तोरण हाताने तोडायचा मान पाटलांचा. गेल्या साली काठीने ओढून कसंबसं निभावलं होतं. आता चुलतभाऊ संतराम म्हणत होता, "दादा, काहून तकलीफ घेता? मी तोडतो की!" मान गेला तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

अशात नदीकाठावरून खाली बघताना त्यांना लमाण तांड्यावरची जिवनबाई दिसली. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर दोन घागरी, आणि कयाधूचा चढ चढतेय समईच्या दांड्यासारखी सरळ! थेंब सांडत नव्हता. पाटील थक्क झाले. देवळात आल्यासारखं त्यांनी वहाणाच काढल्या.

"बाई, ही पाठ केली कशी?"

"आमी बैलांमागं हिंडणारे, पाटील. लेकरू व्हते तवापासून दूध, ताक, तिळाची चटणी, अन् उन्हातान्हात चालणं. हाडं तवाच भरली. अन् डोक्यावर घागर."

पाटलांनी नेमकं शेवटचं तेवढं ऐकलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव पेंगलेलं बघून ते घागर घेऊन नदीवर गेले. घरी घागरीखाली ठेवायची चुंबळ मागितली असती तर बायकोने, पार्वतीबाईंनी, खोदून खोदून विचारलं असतं. म्हणून कडुलिंबाच्या डहाळ्या डोक्याला गुंडाळून त्यावर भरली घागर दोन्ही हातांनी धरून ठेवली. पाला कानांवरून, गळ्यावरून लोंबू लागला.

आता, श्रावणात पावसाने दडी मारलेली. पाऊस रुसला की गाव धोंडी काढतं. एकाने अंगाला कडुलिंब गुंडाळून दारोदार फिरायचं आणि बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं.

वेशीजवळच्या गोजरबाईने पाहिलं मात्र, "अगं बया! पाटील सोताच धोंडी झाले!"

"न्हाई गं, मी पाठीसाठी..." भस्स! कळशीभर पाणी तोंडावर आलं.

गल्ली जागी झाली. म्हाताऱ्या पाया पडू लागल्या. "गावासाठी ह्या वयात!" आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही. दर घागरीला पाटील शहारून क्षणभर ताठ होत आणि पुन्हा वाकत. पार्वतीबाई दारात आल्या, त्यांनी पदराने डोळे पुसले आणि घरातला सगळ्यात मोठा हंडा ओतला!

संध्याकाळी खरोखरच धो धो पाऊस आला. गाव पाटलांकडे देवासारखं बघू लागलं. पाटीलही स्वतःकडे जरा दबकूनच बघू लागले.

पोळ्याला संतरामने हात जोडले. "दादा, तोरण तुमीच तोडायचं."

पाटलांनी छाती भरून हात वर केला. तोरण वीतभर उंच! टाचा उचलल्या, तरी बोटं पोचेनात. मग संतराम मुकाट्याने खांबावर चढला आणि त्याने दोर सैल केला. तोरण हळूहळू खाली उतरलं, पाटलांच्या हातात आलं. एकच जयघोष झाला! पाटलांचे डोळे भरून आले. आपल्यापुढे सबंध गाव वाकलं, याचं त्यांना नवल आवरेना.

गर्दीतून जिवनबाई पुढे आली. "उद्यापासून ताक प्या अन् रोज चाला, पाटील."

"मंग पुढल्या पोळ्याला पाठ सरळ व्हईल?"

"न्हाई," जिवनबाई म्हणाली, "पण तोरण अजून खाली घ्यावं लागायचं न्हाई!"